एकोणिसावं घर

आर्व्हो सारेलांनी प्रश्न विचारायची वेळ नेमकी साधली. लोर्नाच्या तोंडात मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा मोठा घास होता, आणि टेबलावरच्या बाकी तिघांची तोंडं रिकामी होती.

"लोर्ना, आता तूच सांग पॅमला. बावीस वर्षं तू कॉलेजच्या प्रवेश-कचेरीत बसून पोरांचे अर्ज वाचतेस. ईगल स्काउट दिसला की तुमची माणसं काय म्हणतात?"

हा प्रश्न येणार हे लोर्नाला मिनिआपोलिसहून निघतानाच माहीत होतं. साडेतीन तास गाडी चालवत ती उत्तरंच घोळवत आली होती, आणि गावाची पाटी दिसेपर्यंत एकही धड जमलं नव्हतं. तिनं घास सावकाश चावला. समोरून पॅम, तिची भावजय, डोळ्यांनी बजावत होती. पॅमनं आठवड्यात चारदा फोन करून हेच विचारलं होतं, फक्त तिला उलटं उत्तर हवं होतं. तिचा भाऊ डेल मान खाली घालून पेस्टीवर केचप ओतत होता. वडील आणि बहीण आमनेसामने आले की डेलला केचपची फार गरज पडते, हे लहानपणापासूनचं.

लिनेया मात्र सरळ आत्याकडे बघत होती. येत्या गुरुवारी तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. अठराव्या वाढदिवसाआधी सगळं पुरं केलं तरच ईगल ही सगळ्यात वरची पायरी, नाहीतर जन्मात नाही, असा स्काउटांचा नियम. बाकीचं सगळं झालं होतं. राहिली होती ती तिच्या प्रकल्पावरची एक सही, आणि ती आज तीन वाजता व्हायची होती. शनिवारी कॉलेजचा अर्ज जायचा होता, पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजला. सारेलांच्या चार पिढ्यांत तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

"बाबा, खरं सांगू?" लोर्ना म्हणाली.

"खोटं सांगायला एवढ्या लांब आलीस होय?"

"नुसत्या ईगलला आता फारसं कुणी विचारत नाही. माझ्या टेबलावर वर्षाला शे-दीडशे ईगल येतात. कुणी चर्चच्या अंगणात बाक बसवलेत, कुणी पक्ष्यांसाठी घरटी केलीत. आम्ही 'छान' म्हणतो आणि पुढचा अर्ज घेतो."

आर्व्होंनी काटा खाली ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं, असं लोर्नाला वाटून गेलं. पण ते नुसते बघत राहिले. शर्टाच्या खिशावर त्यांचा स्वतःचा ईगलचा बिल्ला होता, सदुसष्ट वर्षांपूर्वीचा. तो बघूनच खाणीच्या साहेबानं त्यांना शिकायला पाठवलं होतं. पुढे एकतीस वर्षं त्यांनी गावातली पोरं स्काउट म्हणून घडवली. घरची पोरं मात्र त्यांना साधली नाहीत. डेलनं अगदी शेवटच्या पायरीवर स्काउटिंग सोडलं, आणि तो अख्खा हिवाळा बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. लोर्ना ट्रूपमधल्या, म्हणजे त्यांच्या स्काउट तुकडीतल्या, कुठल्याही पोरापेक्षा झटपट गाठी मारायची, पण मुलींना तेव्हा प्रवेशच नव्हता. तिच्या वाट्याला कॅम्पवरची भांडी आली. सहा-सात वर्षांपूर्वी नियम बदलला, तेव्हा अकरा वर्षांच्या लिनेयाचा हात धरून म्हातारा स्वतः नाव घालायला गेला होता. लोर्नाला हे फोनवर कळलं. आनंद झाला होता की जळफळाट, ते तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं.

"मग मी ते लिहूच नको का, आत्या?" लिनेयानं विचारलं.

"लिही की. एक ओळ लिही. पण मोठा निबंध त्यावर नको. दुसरं काहीतरी घे."

"हेच मी महिनाभर सांगतेय!" पॅम उसळून म्हणाली. "वादविवादात राज्यात तिसरी आली पोरगी. त्यावर लिही म्हटलं तर नाही. हिचं आपलं ते खांबपुराण."

"पॅम, दीड वर्ष राबलीय ती त्या रानात," आर्व्हो म्हणाले.

"म्हणूनच म्हणते, बाबा. दीड वर्ष राबून वर्षाला दीडशेतली एक व्हायचं, तर कशाला?"

डेल पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "आधी बघू तर दे लोर्नाला. तिनं पाहिलेलं नाही अजून." मग स्वतःच्याच धिटाईनं दचकून त्यानं वेलदोड्याच्या पावाचं ताट पुढे सरकवलं.

हॉलोवे लोकेशन म्हणजे कंपनीनं मजुरांसाठी खाणीच्या काठाला बांधलेली एका रांगेतली एकोणीस घरं. छप्पन साली खाण रुंद करायची म्हणून कंपनीनं वस्ती उठवली. जी घरं उचलता आली ती ट्रकवर चढवून गावात नेली, जी आली नाहीत ती पाडली. मग थोडं खणल्यावर लोखंड हलकं निघालं आणि काम तिथेच थांबलं. आता तिथे बर्च वाढलेत, आणि खाणीच्या खड्ड्यात निळंशार पाणी साठलंय. त्या रानात प्रत्येक घराच्या जागी खांब रोवायचा आणि त्यावर घरातल्या माणसांच्या नावांची पाटी लावायची, हा लिनेयाचा प्रकल्प. लोर्नानं फोनवर ऐकलं तेव्हा 'छान' म्हटलं होतं.

ते पोचले तेव्हा वस्तीच्या जुन्या रहिवाशांना घेऊन वृद्धाश्रमाची बस येऊन थांबली होती. लिनेयाच्या ट्रूपमधल्या आठ मुली उताराची फळी लावून एकेक खुर्ची खाली घेत होत्या. डेल सवयीनं मदतीला धावला, तसा आर्व्होंनी त्याच्या कोपराला धरून मागे ओढला.

"तू हात लावायचा नाहीस. काम तिनं लोकांकडून करवून घ्यायचं असतं. बापानं केलं की बाद."

"बाबा, म्हातारी पडेल."

"ती सांगेल तेव्हा जा."

पंचावन्न वर्षांचा, खाणीत दोनशे टनांचा ट्रक चालवणारा डेल खिशात हात घालून उभा राहिला.

लोर्नाला वाटलं होतं, थोडी भाषणं होतील, टाळ्या होतील. तसं काही झालं नाही. चौदा म्हातारे बसमधून उतरले आणि कुणी काही न सांगता त्या पायवाटेनं पांगले. कुणी चालत, कुणी काठीवर, कुणी खुर्चीतून. जो तो आपल्या खांबाशी जाऊन थांबला. एका आजीनं खांबाच्या थोडं अलीकडे थांबून बुटांचे तळवे गवतावर नीट पुसले आणि मगच पाऊल पुढे टाकलं. पलीकडच्या खांबाशी एक म्हातारा, कशालातरी डोकं आपटू नये म्हणून, रिकाम्या हवेत जपून वाकून आत शिरला. दार बुटकं असणार. लोर्ना बघत राहिली. समोर गवत होतं, झाडं होती, आणि तरीही तिथे एक गल्ली होती. जणू संध्याकाळी कामावरून माणसं घरी आली होती आणि दारादारात उभी होती.

"हे तू करायला सांगितलंस?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं," लिनेया म्हणाली. "ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आणलं तेव्हाही असंच झालं. मी फक्त बस मागवली."

इतिहास मंडळाचे ग्लेन कागद घेऊन सहीसाठी तयारच होते. "एक, दोन, तीन," करत ते रांग मोजत शेवटपर्यंत आले. शेवटच्या, एकोणिसाव्या खांबावर नाव होतं सारेला. त्याच्यापुढे दहा पावलांवर कंपनीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे कडा तुटून थेट पाणी. आर्व्हो त्या खांबाशी उभे होते, पाठ ताठ. दीड वर्षापूर्वी त्यांनीच ती जागा दाखवली होती, आणि तिथूनच कंपनीच्या जुन्या नकाशाप्रमाणे टेप लावून लिनेयानं बाकी अठरा जागा मोजल्या होत्या.

अठराव्या खांबाशी मुलींनी इम्पी रौटिओंची खुर्ची आणली. चौऱ्याण्णव वर्षांची ही बाई ऑगस्टमध्ये कंबरेचं हाड मोडून पडली होती, त्यामुळे आज पहिल्यांदाच येत होती. तिनं पाटीवरचं आपलं नाव वाचलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"हे आमचं घर नव्हे," ती म्हणाली.

"आजी, नकाशात अठरावं तुमचंच आहे," लिनेया वाकून म्हणाली.

"अठरावं आमचंच. पण इथे नव्हतं. ते तिथे." तिनं काठी सरळ आर्व्होंवर रोखली. "त्या लायलॅकच्या मागं माझ्या आईचं स्वयंपाकघर. ते झुडूप माझ्या बापानं लावलेलं. आर्व्हो, पोरा, तू आमच्या स्वयंपाकघरात काय करतोयस?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आर्व्होंची मान लाल झाली.

"लायलॅक आमच्या आईचं होतं."

"तुझ्या आईला फुलांनी शिंका यायच्या. मी तुला मांडीवर घेऊन बसायचे, मला शिकवतोस?"

लिनेयाचा चेहरा उतरला. तिनं वळून पूर्ण रांगेकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "हाकाला आजोबा, तुमचा खांब बरोबर आहे का?"

पहिल्या खांबाजवळचे एल्मर हाकाला अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "चांगलाय की खांब. मजबूत आहे."

"मजबूत नाही विचारलं. तुमचं घर इथेच होतं?"

"आता इथे..." हाकाला घुटमळले. "इथे आम्ही कचरा टाकायचो."

"मग ऑगस्टमध्ये का नाही बोललात?"

"तू एवढ्या कष्टानं केलेलं. आणि फरक कितीसा? एका घराचा."

मग एकेक जण बोलू लागला, खाली बघत, अपराध केल्यासारखा. माझंही एक घर अलीकडे आलंय. मला वाटलं, माझंच डोकं चालत नाही आता. आमच्या विहिरीचं तोंड पुढच्या खांबाशी दिसतंय खरं. इम्पी सोडून तेराच्या तेरा जण ऑगस्टमध्ये शेजाऱ्याच्या घरात दोन तास उभे राहिले होते, आणि 'फार छान' म्हणून बसमध्ये बसले होते. लोर्नाला हसू येत होतं. मग एकदम तिच्या लक्षात आलं की रांग एकेक घर पुढे सरकली तर काय होईल, आणि तिचं हसू जागीच विरलं. अठरा घरांना खांब होते. एकोणिसावं कुंपणापलीकडे जात होतं. तिथे पाणी होतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी बोललं नव्हतं. ज्यानं आपल्या पोरांना पोहायला आणि खरं बोलायला शिकवलं, त्याला कुणी सांगायचं की तुझं घर उरलेलं नाही?

ग्लेननं घसा खाकरला. "हे बघ पोरी, गुरुवारी तुझा वाढदिवस. मी सही करतो. नावं पुढच्या उन्हाळ्यात सवडीनं बदलू."

"करा सही," पॅम घाईनं म्हणाली. "लोर्ना, सांग ना तिला. कॉलेजातून कुणी खांब मोजायला येणार आहे का इथे?"

"नाही येणार," लोर्ना म्हणाली. ते खरंच होतं. बावीस वर्षांत ती एकही बाक, एकही घरटं बघायला गेली नव्हती.

लिनेया आजोबांजवळ गेली. लोर्ना मागोमाग गेली, पण चार पावलं दूरच थांबली.

"आजोबा, इम्पी आजी म्हणतात ते खरंय का?"

आर्व्होंचा हात पाटीवर होता.

"तू टेप घेऊन आलीस त्या दिवशीच मला माहीत होतं," ते म्हणाले. "इथे उभा राहिलो आणि कळलं. कुंपण आपल्या अंगणातून गेलंय, आणि घर... आमच्या घराला सुरुंगानं तडे गेले होते, ते उचललंच नाही त्यांनी. आई रस्त्यावर उभी राहून बघत होती. मी पंधराचा. मला वाटलं, एवढ्या जणांना दार मिळतंय, तर मलाही एकदा उंबऱ्यावर उभं राहू दे. एक घर इकडं-तिकडं, कोण बघतंय."

वडिलांच्या तोंडून असं काही ऐकायची लोर्नाला सवय नव्हती. लिनेयानं आजोबांचा हात क्षणभर धरला, मग सोडला. ती वळली तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता.

"खांब उपटायचे नाहीत. पहिला सोडला तर खांब सगळे घरांच्याच जागी आहेत, फक्त पाट्या चुकल्यात. पाटीला चार स्क्रू. डॅड!"

"हं?" डेल दचकला.

"तुमच्या ट्रकमध्ये स्क्रूड्रायव्हर किती?"

"सहा... सात!"

"सगळे आणा. आई, तू पहिल्या खांबापासून जुनी जागा आणि नवी जागा लिहून घे, कागद ग्लेनकडून घे. मुलींनो, दोघी-दोघी एका खांबाला. पण पाटी तुम्ही काढायची नाही, ज्यांची आहे त्यांनीच काढायची, कुणी आलं नसेल तिथे शेजाऱ्यानं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर धरायला मदत करा. आणि सगळ्यात आधी शेवटची पाटी निघेल, म्हणजे पुढची जागा मोकळी होईल."

शेवटची पाटी आर्व्होंची होती. सगळी गल्ली तिकडे बघत होती. डेल धावत आला, धापा टाकत स्क्रूड्रायव्हर पुढे केला. आर्व्होंनी तो घेतला. पहिला स्क्रू दोनदा निसटला. डेलनं न विचारता त्यांच्या मनगटाखाली आपला हात आधाराला दिला. आर्व्होंनी त्याच्याकडे पाहिलं, पण या वेळी मागे ओढलं नाही. चारही स्क्रू निघाले. पाटी हातात आली, आणि खांबावर चार भोकं उरली.

"ये इम्पी," ते म्हणाले. "ये घरात."

इम्पींची पाटी एकोणिसाव्यावर आली. मग सतराव्या खांबाची अठराव्यावर, सोळाव्याची सतराव्यावर. पुढचा तास लोर्ना आयुष्यभर विसरणार नव्हती. आई-बापांची, भावंडांची नावं छातीशी धरून ती म्हातारी माणसं चाळीस-चाळीस फूट पुढे चालली, आणि जिथे पोचली तिथे त्यांचे चेहरे बदलले. ऑगस्टमध्ये मुकाट राहिलेले लोक आता बोलायचे थांबत नव्हते. इथे शिडी होती. इथे बहिणीला पोळलं होतं. हे बघ, विहिरीचं कडं! हाकाला कचऱ्यातून घरी आले आणि लहान मुलासारखे रडले. आणि या सगळ्याच्या मधून ती पोरगी चालत होती, एका हातात नकाशा, कुणाला खुर्ची, कुणाला पाणी, कुणाला नुसतंच 'हो आजी' म्हणत. तिनं स्वतः एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. लोर्नाला तिच्यापुढे एकदम लहान वाटलं, आणि त्यात तिला अजिबात कमीपणा वाटला नाही.

पहिला खांब मोकळा राहिला. तो तिथून काढायचा असं लिनेयानं ठरवलं.

"एकोणीस खोडा आणि अठरा लिहा," तिनं ग्लेनला सांगितलं.

"मंजूर आराखड्यात एकोणीस आहेत. जिल्ह्याच्या स्काउट समितीनं अडवलं तर? गुरुवारनंतर दुरुस्ती नाही हं."

"तर अडवतील. एकोणीस नाहीत तर एकोणीस कसं लिहू?"

ग्लेननं अठरा लिहिलं आणि सही केली.

परतताना लोर्ना आणि लिनेया मागच्या सीटवर होत्या. आर्व्हो पुढे, मांडीवर पाटी. डेल गाडी चालवत होता. पॅम लोर्नाची गाडी घेऊन मागून येत होती.

लोर्ना लिनेयाकडे झुकली. "मी दुपारी बोलले ते विसर. निबंध यावरच लिही. आज जे झालं, जसं झालं तसं. बावीस वर्षांत असं मी वाचलेलं नाही. हे वाचून कुणी तुला नाही म्हणणार नाही गं."

लिनेयानं पुढे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "म्हणजे आजोबा खोटं बोलले हे लिहू? त्यांचं तेवढं सांगून मी कॉलेजात जाऊ?"

लोर्नाचे कान तापले. एका क्षणात ती परत कचेरीतल्या टेबलाशी जाऊन बसली होती, आणि या पोरीनं तिला तिथून उठवलं होतं. "नाही," ती म्हणाली. "नको. माझं चुकलं."

"निबंध वादविवादावरच लिहीन. हे एका ओळीत. तूच म्हणालीस ना, एक ओळ." लिनेयानं फोनवर अर्ज उघडला. "तेवढीच जागा आहे तशीही. दीडशे अक्षरं."

ती लिहू लागली. लोर्ना बघत होती. 'नाहीशा झालेल्या खाणवस्तीतल्या अठरा घरांच्या जागा जुन्या रहिवाशांकडून आखून घेतल्या.' बस, एवढंच. इम्पीची काठी नाही, स्क्रू नाहीत, कुंपण नाही. लोर्नाला ठाऊक होतं की हे वाचून तिच्यासारखी एखादी बाई 'छान' म्हणेल.

"काय लिहिलं?" आर्व्होंनी मागे न बघता विचारलं. म्हाताऱ्याचे कान अजून चांगले होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे.

लिनेयानं वाचून दाखवलं.

"घरं एकोणीस होती," आर्व्हो म्हणाले.

"आजोबा, आखली अठराच ना. बरोबर आहे हे."

"बरोबर आहे. पुरं नाही." त्यांनी मांडीवरची पाटी उलटी केली, परत सुलटी केली. "जागा आहे का अजून?"

"आहे थोडी."

"मग लिही. एकोणिसावं पाण्याखाली आहे."

लिनेयानं लोर्नाकडे पाहिलं. लोर्नानं काही खूण केली नाही. हे ठरवायचा हक्क तिचा नव्हता. डेलनं गाडीचा वेग कमी केला. लिनेयानं लिहिलं.

"लिहिलं, आजोबा."

"कुणाचं, तेही लिही," आर्व्हो म्हणाले. "आमचं होतं म्हणावं."